कलमातले दोन शब्द

रत्नागिरीत ‘कलम’ म्हटले की आधी हापूसचे झाड डोळ्यांपुढे येते. ‘यंदा कलमे मोहरली का?’ ही इथली थंडीतली विचारपूस. लेखणीचे कलम त्यानंतर, आणि कायद्याचे कलम सर्वांत शेवटी, तेही बहुधा जमिनीच्या दाव्यापुरते. पण याच गावात २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांच्या मागे कायद्याचे एकच कलम तीन वेळा लागले. दोनदा त्यांच्या लेखणीसाठी आणि एकदा त्यांच्या भाषणांसाठी. त्या कलमात दोन इंग्रजी शब्द शेजारी शेजारी बसले होते. दोघांची सुरुवात एकाच उपसर्गाने. एका शब्दाला शिक्षा होती, दुसऱ्याला अभय. माझ्या मते टिळकांच्या खटल्यांचा इतिहास त्या दोन शब्दांमधल्या फटीचा इतिहास आहे, म्हणून एखाद्या कवितेचे करावे तसे आज मी त्या कलमाचे रसग्रहण करणार आहे.

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला असल्या जोड्यांची सवय असते. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न परीक्षेत येतो आणि मुले अडखळतात. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही तो, आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो. न्यायाधीश दुसऱ्या प्रकारचा हवा. पहिल्या प्रकारचा असला तर पक्षकाराचे वाटोळे. मुलांना वाटते, उपसर्ग बदलला तर काय एवढे बिघडते? त्यांना मी टिळक आळीतल्या त्या कौलारू घराकडे बोट दाखवून सांगतो, की एका उपसर्गाच्या अर्थावर तिथे जन्मलेल्या माणसाला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

ते शब्द म्हणजे ‘डिसअफेक्शन’ आणि ‘डिसॲप्रोबेशन’.

भारतीय दंडसंहितेचे कलम १२४-अ मूळ १८६० च्या संहितेत नव्हतेच. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात ते होते, संहिता छापून झाली तेव्हा गळाले, आणि १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते पुन्हा आत आणले. आपण ज्याला राजद्रोहाचे कलम म्हणतो त्याचा मथळा त्या वेळी ‘डिसअफेक्शन चेतवणे’ एवढाच होता. ‘सिडिशन’ हा शब्द मथळ्यावर १८९८ मध्ये आला. आशय असा: जो कोणी बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य रीतीने कायद्याने स्थापन झालेल्या सरकारविषयी डिसअफेक्शनची भावना चेतवील किंवा तसा प्रयत्न करील, तो शिक्षेस पात्र. एवढ्यावर कलम संपले असते तर बोलायला जागाच नव्हती. पण खाली एक स्पष्टीकरण जोडले होते. सरकारच्या उपायांविषयीचे असे डिसॲप्रोबेशन, जे सरकारच्या कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याच्या वृत्तीशी आणि ती सत्ता उलथू पाहणाऱ्यांविरुद्ध तिला साथ देण्याच्या वृत्तीशी जुळणारे आहे, ते डिसअफेक्शन नव्हे. आणि केवळ त्या जातीचे डिसॲप्रोबेशन उत्पन्न करण्याच्या हेतूने केलेली टीका हा गुन्हा नव्हे.

वाक्य लांब आहे, कायद्याची वाक्ये असतात तसे. पण सावकाश वाचले की त्याची घडण लक्षात येते. डिसअफेक्शन म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलेले नाही. काय नव्हे, एवढेच सांगितले आहे. उपनिषदांतल्या ऋषींना ब्रह्माबद्दल जी अडचण आली, ती या मसुदाकाराला माणसाच्या मनाबद्दल आली असावी. म्हणून त्यानेही ‘नेति’चाच आधार घेतला. दुसरी गोष्ट, डिसॲप्रोबेशन सरकारच्या ‘उपायांविषयी’ आहे, तर डिसअफेक्शन खुद्द ‘सरकारविषयी’. एकीकडे कृत्य, दुसरीकडे कर्ता. आणि तिसरी, मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट: हे स्पष्टीकरण गृहीत धरते की एकाच माणसाच्या मनात सरकारच्या कृत्यांबद्दल तीव्र नापसंती आणि सरकारची आज्ञा पाळण्याची तयारी एकत्र नांदू शकतात. हे गृहीत धरणे ही त्या कलमातली एकमेव उदार ओळ होती.

शब्दांच्या मुळाशी जाऊ. ‘ॲप्रोबेशन’च्या पोटात लॅटिनमधले पारखण्याचे क्रियापद आहे. ‘प्रूफ’, ‘प्रोब’, नोकरीतले ‘प्रोबेशन’ ही त्याचीच भावंडे. म्हणजे पारखून पसंत केले ते ॲप्रोबेशन, आणि पारखले पण उतरले नाही ते डिसॲप्रोबेशन. सराफाने नाणे वाजवून पाहावे आणि बाजूला सारावे, तसे. या शब्दात बुद्धीचे काम आहे, तपासणी आहे, कारण विचारले तर देता येईल असा निर्णय आहे. ‘अफेक्शन’चे मूळ निराळे, एखाद्या गोष्टीचा मनावर जो परिणाम होतो, मन जिकडे झुकते, ते अफेक्शन. पुढे त्याला मायेचा, जिव्हाळ्याचा अर्थ चिकटला. डिसअफेक्शन म्हणजे त्या झुकण्याचे उलटणे. इंग्रजी राजकारणात हा शब्द सतराव्या शतकापासून राजनिष्ठेच्या संदर्भात वापरला जात होता. राजाचा ‘डिसअफेक्टेड’ प्रजाजन म्हणजे मनातून फुटलेला, परका झालेला माणूस. घरगुती मायेशी त्याचा फारसा संबंध उरला नव्हता.

मराठीत डिसॲप्रोबेशनला नापसंती म्हणावे, डिसअफेक्शनला अप्रीती. सोयीसाठी पुढे हेच शब्द वापरतो.

कोकणातल्या वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे दोन भावांच्या आवारांमध्ये जांभ्याचा गडगा असतो. तो हातभर इकडे की तिकडे, यावर दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. धाकटा थोरल्याच्या प्रत्येक चालीला नापसंती दाखवतो, वकिलामार्फत, लेखी. पण भाद्रपदात थोरल्याच्या घरी गणपती बसला की धाकटा आरतीला हजर असतो, आणि थोरला आजारी पडला तर डॉक्टरकडे घेऊन जाणाराही तोच. ही झाली नापसंती. दुसऱ्या घरात दावा नाही, भांडण नाही, गडगाही जागच्या जागी. पण बोलणे तुटले आहे, सणाला पाऊल पडत नाही, दुसऱ्याचे वाईट झाले की आत कुठेतरी बरे वाटते. ती अप्रीती. पहिल्या घरात आवाज मोठा असतो, दुसऱ्या घरात शांतता. बाहेरून ऐकणारा नेमका उलटा निष्कर्ष काढील, आणि सरकार नावाची संस्था नेहमी बाहेरूनच ऐकत असते.

या कलमाखालचा पहिला खटला १८९१ मध्ये कलकत्त्यात ‘बंगवासी’ या पत्रावर झाला. संमतिवयाच्या विधेयकावरच्या टीकेचे ते प्रकरण. मुख्य न्यायाधीश सर कॉमर पेथेरम यांनी ज्यूरीला सांगितले की डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनच्या विरुद्ध भावना, म्हणजेच नावड किंवा द्वेष. आणि डिसॲप्रोबेशन म्हणजे नुसती नापसंती. एखाद्याची मते किंवा वागणे पटत नसताही तो माणूस आवडू शकतो, हेही त्यांनी सांगितले. गडग्याचे उदाहरण त्यांना ठाऊक नव्हते, पण म्हणणे तेच होते. ज्यूरीचे एकमत झाले नाही, पुढे माफी आली आणि खटला सोडून देण्यात आला. शब्दांचा अर्थ अजून ताणला गेला नव्हता.

तो ताणला गेला १८९७ मध्ये, मुंबईत.

ते प्लेगचे वर्ष. पुण्यात सैनिक घरोघर शिरून रोगी शोधत होते. त्या प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तांत आला, त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चा करणारे प्राध्यापक भानूंचे व्याख्यान होते, आणि शिवाजी महाराज आजची देशस्थिती पाहून बोलत आहेत अशी एक कविता. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. ८ सप्टेंबरला न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची यांच्यापुढे खटला उभा राहिला.

ज्यूरीपुढे बोलताना स्ट्रेची यांनी डिसअफेक्शनची जी व्याख्या केली, तिचा पहिला भाग सर्वांना ठाऊक झाला: डिसअफेक्शन म्हणजे केवळ अफेक्शनचा अभाव. पुढे त्यांनी द्वेष, वैर, तिटकारा, शत्रुत्व, तुच्छता आणि सरकारविषयीची हरतऱ्हेची दुष्ट भावना अशी यादी दिली. ही भावना किती तीव्र आहे, तिच्यामुळे प्रत्यक्षात दंगा झाला की नाही, हे गैरलागू आहे, असेही बजावले. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. १४ सप्टेंबरला सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. अठरा महिन्यांची सक्तमजुरी. प्रिव्ही कौन्सिलपुढे ॲस्क्विथ यांच्यासारखा वकील उभा राहिला, तरी अपील दाखल करून घेतले गेले नाही.

‘अभाव’ या एका शब्दाने काय केले ते पाहा. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असेल, तर प्रीती आणि अप्रीती यांच्यामध्ये उभे राहायला जागा उरत नाही. माया करा, नाहीतर गुन्हेगार व्हा. ज्याला सरकारबद्दल काहीच वाटत नाही, जो शेतसारा भरतो आणि आपली बैलजोडी हाकतो, त्याच्या मनातही सरकारविषयीच्या मायेचा अभाव आहेच. आपली जुनी पत्रे ‘लोभ असावा, ही विनंती’ या शब्दांनी संपतात. हा लोभ मामाकडे मागतात, व्याह्यांकडे मागतात, स्नेह्यांकडे मागतात. मामलेदाराच्या नोटिशीखाली तो कधी कुणी वाचला आहे? सरकारने आज्ञापालन मागावे, सारा मागावा, शांतता मागावी. लोभ मागण्याचे त्याच्यात आणि रयतेत नातेच नाही. स्ट्रेची यांच्या व्याख्येने तो लोभ कायद्याच्या बळावर वसूल करण्याचा मार्ग काढला.

शिवाय स्पष्टीकरणाची उदार ओळ पोकळ झाली. कोणतीही खरी नापसंती माया थोडी तरी कमी करते. प्लेगच्या झडतीत देवघरात बूट शिरले, हे वाचल्यावर सरकारचा उपाय नापसंत होतो, आणि वाचणाऱ्याची माया, असलीच तर, तेवढ्यापुरती तरी ओसरते. ओसरणे म्हणजेच अभाव, आणि अभाव म्हणजेच गुन्हा, असा हिशेब लावला तर मसुदाकाराने मुद्दाम राखून ठेवलेला कोपरा पुसला जातो.

इथे मला टिळकांच्या वडिलांची आठवण होते. गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते, संस्कृतचे जाणकार होते, त्रिकोणमितीवर आणि व्याकरणावर त्यांनी पुस्तके लिहिली होती. १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली होईपर्यंत बाळचे शिक्षण याच गावात, याच घरात झाले. ज्या मुलाच्या कानावर लहानपणापासून समास पडले, त्याला नञ् म्हणजे काय हे सांगावे लागले नसणार. आपल्या वैयाकरणांनी नकाराच्या त्या एका ‘अ’चे सहा अर्थ मोजले आहेत: सादृश्य, अभाव, भिन्नता, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. ‘अमित्र’ म्हणजे मित्र नसलेला रस्त्यावरचा कुणीही नव्हे. अमित्र म्हणजे शत्रू. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा नुसता अभाव असता, तर दगडाला अधर्मी म्हणावे लागले असते. ‘अप’ लागला की हे आणखी उघड होते. ज्याला कुणी मान दिला नाही, त्याचा अपमान झाला असे आपण म्हणत नाही. कीर्ती नसलेल्या लाखो माणसांना अपकीर्ती चिकटलेली नसते.

हीच गोष्ट इंग्रजीतल्या ‘डिस’ची. ‘डिसलाइक’ म्हणजे आवड नसणे नव्हे. मला दुधी भोपळ्याची विशेष आवड नाही आणि कारल्याचा तिटकारा आहे; इंग्रजीत ‘डिसलाइक’ कारल्यालाच लागेल. ‘डिसॲप्रोबेशन’ हाच शब्द घ्या. त्यात ‘डिस’चा अर्थ ‘पसंतीचा अभाव’ असा कुणीच करत नाही. पारखून नाकारणे असाच करतात. मग एकाच वाक्यात तोच उपसर्ग एका शब्दात विरोध दाखवतो आणि दुसऱ्यात नुसता अभाव, हे वाचन भाषेच्या कानाला खटकते. ‘डिसइंटरेस्टेड’मध्ये ‘डिस’ अभाव दाखवतो हे खरे, म्हणून उपसर्गाला स्वतःचे एकच ठाम वजन आहे असे मी म्हणणार नाही. पण अशा वेळी शेजारचे शब्द विचारायचे असतात. शेजारी स्पष्टीकरण होते, आणि ते विरोधाच्या बाजूने साक्ष देत होते.

स्ट्रेची यांच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांनी आपले म्हणणे ‘अभावा’वर थांबवले नव्हते, पुढची यादी सगळी विरोधाचीच आहे, आणि सरकारच्या उपायांवर कठोरातली कठोर टीका करायला मुभा आहे, हेही त्यांनी सांगितले होते. उपाय वेगळे आणि सरकार वेगळे, ही त्यांची रेघ कलमाच्या शब्दांना धरूनच होती. पण ज्या देशात सरकार बदलण्याचा रयतेला हक्क नाही, तिथे ही रेघ माणसाला दिसणार कशी? लंडनच्या मतदाराला मंत्रिमंडळ नावडले तर राणीवरची निष्ठा शाबूत ठेवता येते, कारण त्याच्यापुढे दोन वेगळ्या वस्तू असतात. पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या माणसाला झडतीला आलेला गोरा शिपाई हेच सरकार आणि झडती हाच सरकारचा चेहरा.

खटल्याने एक मराठी शब्दही गढूळ केला. ‘राजद्रोह’. द्रोह म्हणजे घात, दगा. मित्रद्रोह, स्वामिद्रोह यांत केलेली कृती आहे, मनातली उणीव नाही. डिसअफेक्शन म्हणजे मायेचा अभाव असेल, तर त्याला राजद्रोह म्हणणे चूक. आणि राजद्रोह हे भाषांतर बरोबर असेल, तर स्ट्रेची यांची व्याख्या चूक. मराठी वाचकाने गेली सव्वाशे वर्षे हा शब्द वापरून नकळत दुसऱ्या बाजूला कौल दिला आहे.

जाणूनबुजून तो कौल देणारा एक मराठी माणूस त्याच उच्च न्यायालयात बसलेला होता. इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्रावरचा खटला त्याच सुमारास पूर्णपीठापुढे आला. न्यायमूर्ती पार्सन्स यांनी डिसअफेक्शनला अफेक्शनचा अभाव मानायला नकार दिला आणि राजकीय दुरावा असा खास अर्थ धरला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सांगितले की हा प्रेमाचा किंवा सदिच्छेचा नुसता अभाव नाही. ती एक भरीव तिटकाऱ्याची भावना आहे, बेइमानीच्या जवळची, सत्तेला उघड झुगारणारी किंवा छुपेपणाने लोकांना तिच्यापासून फोडणारी. मला या खटल्याच्या निकालापेक्षा ही व्याख्या मोठी वाटते. नकाराचे सहा अर्थ ज्या परंपरेने मोजले, त्या परंपरेत वाढलेल्या मनाचे ते इंग्रजी वाचन आहे.

आणि हे रानडे कोण? टिळकांचे कडवे विरोधक. १८९५ मध्ये सार्वजनिक सभेचा ताबा टिळकांच्या पक्षाने घेतला, त्याच वर्षी पुण्याच्या काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू द्यायची की नाही यावरून दोघांमध्ये रण पेटले. एकाला दुसऱ्याची जवळजवळ प्रत्येक चाल नापसंत. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त लिहिलेला मृत्युलेख काढून वाचावा. थंड पडलेल्या महाराष्ट्राला ऊब देणारा पुरुष म्हणून त्यांनी रानड्यांना गौरवले आहे. कलम १२४-अ च्या स्पष्टीकरणाला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

सरकारने मात्र रानड्यांचे वाचन मनावर घेतले नाही. १८९८ मध्ये कलम दुरुस्त झाले. द्वेष आणि तुच्छता हे शब्द कलमातच आले, आणि डिसअफेक्शनमध्ये बेइमानी व सर्व प्रकारच्या वैरभावना येतात, असे स्पष्टीकरण जोडले गेले. डिसॲप्रोबेशनचे आता दोन परिच्छेद झाले: एक सरकारच्या उपायांसाठी, ते कायदेशीर मार्गाने बदलून घेण्याच्या हेतूने; दुसरा प्रशासकीय कारवाईसाठी. आज्ञापालनाची वृत्ती आणि सत्तेला साथ, हा जुना सुंदर भाग गळाला. टिळकांच्या सुटकेसाठी मॅक्समुल्लर यांच्यासारख्या पंडितांनी रदबदली केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुदतीपूर्वी टिळक सुटले.

दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, १२ मेच्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनच्या ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून पुन्हा तेच कलम लागले. या वेळी न्यायासनावर न्यायमूर्ती दिनशा दावर होते. १८९७ मध्ये तय्यबजींपुढे टिळकांच्या जामिनासाठी हेच दावर वकील म्हणून उभे राहिले होते. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, २१ तासांहून अधिक. त्यातला मोठा वेळ शब्दांवर गेला. मूळ मराठीत काय आहे आणि सरकारी भाषांतरात काय झाले आहे, हे त्यांनी एकेक जागा काढून दाखवले. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. ज्या भाषेत कथित गुन्हा घडला, ती भाषा निर्णय देणाऱ्यांची नव्हती. सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी, आणि ठिकाण मंडाले. शिक्षा झाली २२ जुलैच्या रात्री. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण झाली.

रत्नागिरीकराला इथे थांबावेच लागते. मंडालेचा राजा थिबा १८८६ पासून आमच्या गावात कैदेत होता. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा खाडीकडे तोंड करून आजही उभा आहे, आणि त्याच वर्षी रत्नागिरीचा टिळक त्याच्या मंडालेत बसून ‘गीतारहस्य’ लिहीत होता. १९१६ च्या डिसेंबरात थिबा इथेच वारला.

१९१६ मध्येच शब्दांना न्याय मिळाला. बेळगाव आणि अहमदनगरच्या स्वराज्यावरच्या भाषणांबद्दल टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा २० हजारांचा मुचलका मागितला गेला. नोटीस आली ती साठाव्या वाढदिवशी. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना त्यांच्यासाठी उभे राहिले. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. बॅचलर यांनी भाषणे सुटी वाक्ये तोडून न वाचता सबंध वाचली. सरकारी वकिलाचा ‘अफेक्शनचा अभाव’ हा अर्थ त्यांनी मानला नाही, आणि कारण दिले ते भाषेचे: ‘डिस’ लागलेल्या इंग्रजी शब्दांच्या नेहमीच्या वापराविरुद्ध तो जातो, डिसलाइक म्हणजे आवडीचा नुसता अभाव थोडाच असतो. एका इंग्रजाने आपल्याच भाषेतल्या उपसर्गाचे वजन १९ वर्षांनी बरोबर तोलले. माझ्यातल्या शिक्षकाला तो निकाल वाचताना आजही उभे राहावेसे वाटते.

पुढे १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला गांधीजींनी तर भांडणच मिटवले. प्रीती कायद्याने निर्माणही करता येत नाही आणि तिचे नियमनही करता येत नाही, असे सांगून त्यांनी अप्रीती कबूल केली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन सहाच वर्षे दिली.

टिळकांच्या बाबतीत आणखी एक शब्द मराठीने फिरवला आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या पुस्तकात ‘अनरेस्ट’चे जनकत्व टिळकांना चिकटवले, आरोप म्हणून. टिळकांनी त्यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले. मराठीने मात्र ‘अनरेस्ट’साठी ‘असंतोष’ हा शब्द निवडला, ‘अशांतता’ निवडला नाही. असंतोषात पारखून नाकारणे आहे, समाधान न मानणे आहे, पुढे जाण्याची ओढ आहे. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ ही पदवी शाळेतली मुले अभिमानाने पाठ करतात. चिरोलने अप्रीतीचा शिक्का मारला होता, मराठीने तो नापसंतीकडे वळवून घेतला.

स्वातंत्र्यानंतरही कलम राहिले. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण हिंसेची किंवा सार्वजनिक अव्यवस्थेची चिथावणी असल्याशिवाय लागू होणार नाही, असे बांधून टाकले. मे २०२२ मध्ये त्याचा वापर स्थगित झाला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १५२ मध्ये फुटीरपणा, सशस्त्र बंड, देशाचे सार्वभौमत्व आणि एकता यांची भाषा आहे. त्या कलमाबद्दलही वाद आहेत आणि ते व्हायला हवेत. न्यायालये त्यातले शब्द कसे वाचतात, याकडे लक्ष ठेवायला हवे.

टिळक आळीतले ते घर पाहायला आलात, तर कलम १५२ च्या मजकुराची एक प्रत बरोबर आणा आणि अंगणात बसून सावकाश वाचा. १५४ वर्षांनी डिसअफेक्शन हा शब्द त्यातून गेला आहे. डिसॲप्रोबेशन मात्र स्पष्टीकरणात जागच्या जागी आहे.